उशीर करणाऱ्या बाईला काय माहीत असतं

बाळंतपणात काही बिनसलं की दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "इतका उशीर का केलात?" विचारणाऱ्याचा हेतू दरवेळी वाईट नसतो. त्याच्यासमोर पांढरीफटक पडलेली बाई असते, हातात मोजकी मिनिटं असतात आणि ही दोन तास आधी आली असती तर काय काय करता आलं असतं, हे त्याला लख्ख दिसत असतं. पण उशीर झाला म्हणजे अडाणीपणा झाला, हे त्या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. कुणी समजावून सांगितलं असतं तर ती धावत आली असती, असं आपण मानतो. म्हणून मग पत्रकं छापली जातात, भिंती रंगवल्या जातात, 'जनजागृती' होते. मला अलीकडे वाटायला लागलंय, की उशीर करणाऱ्या बाईला पुष्कळदा काहीतरी माहीत असतं, आणि जे तिला माहीत असतं ते दवाखान्याने कधी विचारलेलं नसतं.

माझी एक मावशी होती. तिची पहिली खेप दवाखान्यात झाली आणि दुसरी घरी. दुसऱ्या खेपेला घरातल्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. कारण तिने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता, काही विशेष सांगतेय असं न दाखवता. पहिल्या खेपेला कळा असह्य होऊन ती ओरडली, तेव्हा तिच्या मांडीवर फटका बसला होता. मारणाऱ्या बाईनेच पुढच्या काही मिनिटांत बाळ सुखरूप काढलं, हेही मावशी आवर्जून सांगायची. "हात चांगला होता गं तिचा," ती म्हणाली, "पण मला परत तिच्या हाती जायचं नव्हतं."

मावशीचा निर्णय धोक्याचा होता, यात मला शंका नाही. अंगावरून रक्त जायला लागलं तर घरी करण्यासारखं फार थोडं असतं. पण तो निर्णय अज्ञानातून आला नव्हता. तिच्याकडे त्या जागेची माहिती होती, आणि ती माहिती खरी होती.

याचा सगळ्यात ठसठशीत दाखला एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नात सापडतो. तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुइणी. दाखल करून घेण्याचे दिवस आलटूनपालटून ठरलेले. पहिल्या विभागात १८४० च्या दशकात सरासरी शंभरातल्या दहा बायका बाळंतज्वराने जात. दुसऱ्यात चारांहून कमी. रुग्णालयाला हे आकडे माहीत होते, कारण ती नोंद तिथेच होत होती. पण शहरातल्या गरीब, बिनलग्नाच्या, आसरा नसलेल्या बायकांनाही ते माहीत होतं, आकडे न वाचता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. काही जणी तर मुद्दाम वाटेतच बाळंत होत आणि मग बाळ घेऊन येत, म्हणजे सोयी-सवलती मिळतील पण तो विभाग टळेल. आणि रस्त्यात बाळंत झालेल्या या बायकांना ज्वर कमी होत असे.

त्या विभागातला तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याला हे कोडं सुटेना. गर्दी, हवा, बायकांची भीती, घंटा वाजवत फिरणारा पाद्री, अशी एकेक कारणं तो तपासत गेला. १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी झालेल्या जखमेने, अगदी बाळंतज्वरासारखीच लक्षणं होऊन वारला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येतात. सुइणी येत नाहीत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर मृत्यूचं प्रमाण काही आठवड्यांत दोन-तीन टक्क्यांवर आलं. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: वरिष्ठांनी त्याला मानलं नाही आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. ही कथा नेहमी उपेक्षित प्रतिभावंताची म्हणून सांगितली जाते. मला त्यात त्या विनवण्या करणाऱ्या बायका जास्त दिसतात. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, पण निष्कर्ष अचूक होता. सेमेलवाइसच्या कितीतरी आधी. त्या काळच्या कुणा शहाण्याने त्यांना 'गैरसमज दूर करा' म्हणून व्याख्यान दिलं असतं, तर त्या मेल्या असत्या.

म्हणून 'बायकांचा आरोग्यव्यवस्थेवर विश्वास वाढवला पाहिजे' असं वाक्य कुठे वाचलं की मी जरा थबकते. त्यात दुरुस्ती बायकांमध्ये करायची आहे असा सूर असतो. विश्वास ठेवण्याजोगी जागा आधी आहे का, हे कोण तपासणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार या देशांत संशोधक प्रसूती कक्षात प्रत्यक्ष उभे राहिले. २,०१६ बायकांची बाळंतपणं त्यांनी पाहिली, आणि त्यातल्या शंभरात चाळिसांहून अधिक जणींना मारहाण, शिवीगाळ किंवा अपमान सोसावा लागल्याची नोंद झाली. बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं, या अवधीत हे सर्वाधिक घडत होतं. म्हणजे जेव्हा बाईला उठून निघून जाणं सोडाच, धड कूस बदलणंही शक्य नसतं तेव्हा. बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून खाली जो छेद घेतात, त्याच्या २५३ प्रसंगांपैकी १९० वेळा बाईची परवानगी घेतलेली नव्हती. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायकांना हे जास्त भोगावं लागलं. फटका मारणाऱ्या हातालाही माणूस ओळखता येतं. उलट बोलणार नाही अशीच बाई तो निवडतो.

माता मृत्यूचा अभ्यास करणारे 'तीन विलंब' सांगतात. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी ती मांडणी केली. जायचं ठरवायला होणारा उशीर, पोहोचायला होणारा उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. कागदावर हे तीन वेगळे रकाने दिसतात. मात्र तिसऱ्या विलंबाची बातमी घरोघर पसरते आणि पहिला विलंब तिथेच जन्मतो. नणंद चार तास स्ट्रेचरवर पडून होती, हे ज्या घराला माहीत आहे ते घर 'बघू सकाळपर्यंत' म्हणणारच. त्या घराला दोष देणं सोपं असतं, कारण त्या घराचा केसपेपर नसतो.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की हा गरिबीचा प्रश्न आहे. पैसे आले, शिक्षण आलं की सुटेल. बराचसा सुटतोही. २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. रक्त, रस्ता, भूल देणारा डॉक्टर, वीज यांना पर्याय नाही. तरीही पैशाने सगळं सुटत नाही, याचा पुरावा जगातल्या सर्वात श्रीमंत देशात आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये दर लाख जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५ होते आणि कृष्णवर्णीय मातांचे ५०.३.

सेरेना विल्यम्सचं उदाहरण घेऊ. टेनिसची २३ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं मिळवलेली बाई, पैसा आणि प्रसिद्धी दोन्हींची कमतरता नाही. २०१७ मध्ये तिचं सिझर झालं आणि दुसऱ्या दिवशी तिला दम लागायला लागला. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला पूर्वी झालेला होता. लक्षण तिने ओळखलं. कोणता स्कॅन हवा आणि कोणतं औषध हवं, हेही तिने नर्सला सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही गोंधळलीय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही, आणि मग एकदाचा स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. ती वाचली, कारण ती हटून बसली. स्वतःच्या शरीरावर जिची कारकीर्द उभी आहे, तिचंही स्वतःच्या शरीराबद्दलचं म्हणणं पहिल्या फटक्यात खरं धरलं गेलं नाही. मग जिला ती भाषा नीट येत नाही, जी सोळा-सतरा वर्षांची आहे, जिच्या सोबत कुणी नाही, तिचं काय होत असेल?

कुणाच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा, याला जुना इतिहास आहे. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जाई, त्या मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून आपलं तंत्र घडवलं. अनार्का, लूसी, बेट्सी ही त्यातली तीन नावं उरली आहेत. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. पुतळा हलला, पण कृष्णवर्णीयांना कमी दुखतं ही समजूत हलायला वेळ लागतो. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती. 'कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते' हे त्यातलंच एक. निम्म्या जणांना असं किमान एक तरी खोटं विधान खरं वाटलं.

माणसं पूर्वग्रह बाळगतात हे आपण धरून चालतो, आणि म्हणून यंत्रांकडे, सूत्रांकडे जरा आशेने बघतो. पण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र गडद त्वचेवर आकडा फुगवून दाखवू शकतं. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन घटल्याचं त्याच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे, हे २०२० मध्ये पुढे आलं. पहिलं सिझर झालेल्या बाईला पुढचं बाळंतपण नैसर्गिक होण्याची शक्यता किती, हे सांगणारं एक गणित अमेरिकेत वापरात होतं. त्यात बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाची) असल्याची खूण केली की शक्यता आपोआप खाली यायची. आकडा कमी दिसला की डॉक्टर म्हणणार, पुन्हा सिझरच करू. तसं केलं की पुढच्या नोंदींत त्या बायकांची सिझरं अधिक, म्हणजे गणित पुन्हा खरं! २०२१ मध्ये त्यातून वंशाचा रकाना काढून टाकला गेला.

आणि विषमता नेहमी 'कमी मिळालं' अशीच नसते. एकीकडे ज्यांना सिझर हवं त्यांना ते मिळत नाही, दुसरीकडे ज्यांना नको त्यांचं होतं, आणि हे एकाच देशात, कधी एकाच शहरात घडतं. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांत सिझरचं प्रमाण सुमारे ४७ टक्के निघालं, सरकारी रुग्णालयांत १४. बायकांची शरीरं दाराप्रमाणे बदलत नाहीत. (खासगीत गुंतागुंतीच्या केसेस जास्त येतात, हे उत्तर मी ऐकलंय. सरकारी रुग्णालयांत त्या किती येतात, हे तिथे एक रात्र काढलेल्या कुणालाही विचारावं.) त्याच सर्वेक्षणांनुसार २००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, ती ८९ टक्क्यांवर गेली. हे मोठंच यश आहे, त्याने जीव वाचले. फक्त या गर्दीला विश्वास समजू नये. दुसरी वाट उरली नाही म्हणूनही माणसं येतात.

विश्वास म्हणजे गोड बोलणं, अशी एक समजूत आहे. गोड बोलून माहिती लपवणारे पुष्कळ असतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नदीन माँटगोमेरी यांच्या खटल्यात दिलेला निकाल या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. त्यांना मधुमेह होता, बांधा लहान, बाळ मोठं. बाळाचा खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के होता आणि तो त्यांना सांगितला गेला नाही. सांगितलं तर बायका सिझर मागतील, आणि ते त्यांच्या हिताचं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये बाळाचा खांदा खरंच अडकला, ऑक्सिजन तुटला आणि मुलाला कायमचं अपंगत्व आलं. न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरला काय सांगणं योग्य वाटतं हा निकष नव्हे. त्या बाईच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगितलंच पाहिजे. तिने मग सिझर मागितलं, तर तो तिचा हक्क. पण निकाल लागायला मूल पंधरा-सोळा वर्षांचं व्हावं लागलं.

विश्वास कशाने येतो याची उत्तरं मला दोन अगदी कोरड्या ठिकाणी सापडली. पहिलं म्हणजे प्लास्टिकची पिशवी. बाळ झाल्यावर रक्त किती गेलं, हे बहुतेक ठिकाणी नजरेने ठरवतात आणि नजर कमीच मोजते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली पिशवी लावण्यात आली, आणि रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं ठरलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण निम्म्यावरून ९३ टक्क्यांवर गेलं, आणि गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. मला त्यातली समता आवडते. बाई कोण, कुठली, किती विव्हळते, तिच्यावर विश्वास बसतो का, हे पिशवी बघत नाही. रेघ ओलांडली म्हणजे ओलांडली.

दुसरं उत्तर पिशवीच्या अगदी उलट: सोबत. कळांच्या सबंध काळात कुणीतरी सतत जवळ असणं, मग ती आई असो, मैत्रीण असो की सुईण. २०१७ मध्ये २६ चाचण्यांचा, १५ हजारांहून अधिक बायकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सोबत असलेल्यांची नैसर्गिक बाळंतपणं जास्त झाली, कळांचा वेळ काहीसा कमी लागला, सिझरं कमी झाली आणि बाळंतपणाच्या कडवट आठवणीही कमी. यासाठी यंत्र लागत नाही, लागतो फक्त एक स्टूल आणि दोन खाटांमधला पडदा. तरी कितीतरी प्रसूती कक्षांत अजूनही 'आत कुणाला सोडत नाही' असं सांगतात. कारण जागेचं देतात. मला त्यात साक्षीदार नको असल्याचाही वास येतो, पण हे माझं मत झालं.

इथे नर्सची बाजू घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकाच वेळी चार बायका कळा देत असताना एकटीने रात्रपाळी करणाऱ्या बाईकडून 'हात लावू का?' असं दरवेळी विचारण्याची अपेक्षा करायची, तर तिला आधी दुसरी जोडीदार द्यावी लागेल. जिच्याशी वरून कुणी नीट बोलत नाही, ती खाली किती काळ नीट बोलेल? मात्र थकव्याने सगळंच माफ होत नाही. थकलेला हातही कुणावर उठायचा आणि कुणावर नाही, हे बघूनच उठतो, हे वर आलंच आहे.

सगळं नीट करूनही काही वेळा वाईट घडतंच. तेव्हा व्यवस्था काय करते, यावर पुढच्या शंभर बायका येणार की नाही हे ठरतं. इंग्लंडमधल्या श्रूजबरी आणि टेलफर्डच्या प्रसूती सेवेची चौकशी २३ कुटुंबांपासून सुरू झाली. २०२२ चा अंतिम अहवाल येईपर्यंत ती १,४८६ कुटुंबांपर्यंत पोहोचली होती. चांगली काळजी मिळाली असती तर २०१ बाळं कदाचित वाचली असती, असं त्यात नोंदवलं आहे. ही चौकशी झाली ती बाळ गमावलेल्या आईबापांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला म्हणून. अनेक आयांना तर त्यांच्याच चुकीने बाळ गेलं, असं सुचवलं गेलं होतं. चूक कबूल केली की कोर्टकचेऱ्या वाढतील, अशी भीती रुग्णालयांना असते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने या शतकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग धरला: काय चुकलं ते स्वतःहून सांगायचं, माफी मागायची, भरपाई द्यायची. त्यांच्याविरुद्धचे दावे वाढण्याऐवजी घटले.

आणखी एक गोष्ट चर्चेत मागे पडते, ती बाळंतपणानंतरच्या दिवसांची. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की संपलं असं सगळे धरतात. बाळाच्या लसींची कार्डं, बाळाचं वजन, बाळाची पुढची तारीख. आईला टाके कधी काढायचे ते सांगतात, झालं. अमेरिकेच्या २०१७ ते २०१९ च्या माता मृत्यूंच्या आढाव्यात निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळातले निघाले, आणि एकूण मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त टाळता येण्याजोगे होते. डोकं ठणकणं, पोटरी सुजणं, छातीत धडधडणं, सारखं मरून जावंसं वाटणं. हे सगळं घरी घडतं, रात्री घडतं, आणि घरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असताना घडतं. माझ्या ओळखीतल्या एकीने सुट्टीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं होतं, की रात्री दोनला मला काही झालं तर फोन कोणाला करू? डॉक्टरांनी कागदावर एक नंबर लिहून दिला आणि म्हणाले, "उचलणारी सिस्टर तुम्हाला ओळखत नसेल. तिला आधी सांगा, बाळ होऊन किती दिवस झाले. आणि ती 'सकाळी या' म्हणाली तर मला लावा." त्याखाली त्यांनी दुसरा नंबर लिहिला.